भरतकामात नसलेली माणसे

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये एक धंदा भरभराटला. रेशमी जाळीवर रंगीत धाग्यांनी फुले, दोस्त राष्ट्रांचे झेंडे, पलटणींची चिन्हे भरायची, तो तुकडा पोस्टकार्डावर बसवायचा आणि शिपायांना विकायचा. शिपाई ते कार्ड आईला, बायकोला पाठवी. आज ही कार्डे संग्रहालयांत आहेत. त्यांवरून पलटण कळते. ती भरणाऱ्या फ्रेंच, बेल्जियन बायांची नावे मात्र सहसा कळत नाहीत.

वाशिम जिल्ह्यात मी इतिहास शिकवतो. आपल्या वस्तीत अशी वस्तू का सापडत नाही, या प्रश्नाला 'गरिबी' हे ठरलेले उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. परदेशची आठवण घरी यायला आधी पलटणीत शिरकाव लागतो. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला पडलेल्या महार शिपायांची नावे तिथल्या स्तंभावर कोरली आहेत. त्याच समाजाची भरती १८९२ नंतर बंद झाली. 'लढाऊ जातीं'च्या यादीत त्याला स्थान उरले नाही. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये याविरुद्ध अर्ज लिहिले. जून १९१७ मध्ये, सरकारला माणसे कमी पडली तेव्हा, १११ वी महार पलटण उभी राहिली. मार्च १९२१ मध्ये ती मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले.

कोणी म्हणेल, साम्राज्यासाठी मरायला मिळाले नाही याचे दुःख कशाला? प्रश्न रास्त आहे. पण पलटणीबरोबर पगार, पेन्शन आणि शाळा येत होती. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, हे विसरून चालणार नाही. भरती बंद झाली तेव्हा त्या शाळेचे दारही बंद झाले.

याच जिल्ह्यात पोहरादेवी हे बंजारा समाजाचे तीर्थस्थान आहे. बंजारा तांड्यांनी बैलांवर धान्य लादून फौजांना रसद पुरवली. त्यांच्या स्त्रियांनी आरसे, कवड्या लावून भरलेल्या कपड्यांची तारीफ सगळे करतात. भरणारीचे नाव कोणी विचारत नाही.

म्हणून माझे विद्यार्थ्यांना सांगणे आहे : घरातली पेटी उघडा. पेन्शनचा कागद, पदक, कापडाचा तुकडा, जे निघेल त्याची नोंद करा. कापड कोणी भरले तेही लिहा. आणि पेटी रिकामी निघाली, तर ती का रिकामी राहिली याचा शोध घ्या. तोही आपला इतिहास आहे.