जखीण कोण होती?

मी नववी-दहावीत असताना मैलूरच्या आमच्या गल्लीत कुणीतरी व्हीसीआर भाड्याने आणला. रात्रभर सिनेमे. त्यातला एक तुलसी आणि श्याम रामसे यांचा ‘पुराना मंदिर’, १९८४ चा. आम्हा मुलींना घरी पिटाळलं होतं, म्हणून आम्ही खिडकीतून पाहिला. त्यातला सामरी मरताना राजाला शाप देतो, की तुझ्या घराण्यातल्या बायका बाळंतपणात मरतील. सामरीला मारलं राजाने, शाप मात्र लेकीसुनांना! पण तेव्हा ते कुणालाच खटकलं नाही. मलाही नाही.

कारण गोष्ट ओळखीचीच होती. शेजारची एक काकू बाळंतपणात गेली होती. तिच्या घरामागच्या आडावर तिन्हीसांजेला बायका पाण्याला धजत नसत. “हडळ झाली असंल,” म्हणायच्या. वेळेवर डॉक्टर मिळाला नाही म्हणून जी गेली, तिचीच भीती.

आपल्याकडे भुतांनाही जात असते. मुंज होऊन मेलेला मुलगा तो मुंजा, ब्राह्मणाचा समंध, मुसलमानाचा खवीस आणि बाळंतिणीची हडळ. जिवंतपणी ज्याला जिथे बसवलं, मेल्यावरही तिथेच. रामसे बंधूंचे थोड्या पैशांत काढलेले भयपट १९७२ च्या ‘दो गज ज़मीन के नीचे’पासून चालले, ते याच शिदोरीवर. बाई त्यांत मुख्यतः दोन कामांना, अंघोळीला आणि अंगात चुडैल यायला. ‘वीराना’त (१९८८) दोन्ही कामं एकाच मुलीकडे. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल तर रुरकीला शिकलेले इंजिनिअर, पण उंची आणि चेहरा वेगळा, म्हणून पडद्यावर राक्षस.

हे फक्त आपल्याकडेच नाही. जपानमध्ये ओकिकू नावाच्या मोलकरणीची जुनी कथा आहे. मालक तिला मारून विहिरीत टाकतो आणि तिचं भूत तिथे ताटल्या मोजत बसतं. १९९८ च्या ‘रिंगू’तली सदाको अशीच विहिरीत ढकललेली मुलगी. केस तोंडावर घेऊन ती वर येते तेव्हा आपण तिलाच घाबरतो. ढकलणारा कोण होता, हे घरी येईस्तोवर विसरून जातो.

लग्नानंतर सासूबाईंबरोबर मी मळखेडला नेमिनाथांच्या बसदीत गेले. राष्ट्रकूटांची ही राजधानी आमच्यापासून फार लांब नाही. तिथे सासूबाईंनी नेमिनाथांच्या यक्षीची, अंबिकेची गोष्ट सांगितली. अग्निला नावाच्या ब्राह्मण स्त्रीने जैन मुनींना आहार दिला. नवऱ्याने तिला दोन मुलांसकट घराबाहेर काढलं. पुढे तो पस्तावून मागे आला, पण तिला वाटलं मारायलाच येतोय. तिने उडी टाकली. कुठे डोंगरावरून म्हणतात, कुठे विहिरीत. आणि ती यक्षी झाली.

मी थबकलेच. विहीर तीच आणि छळलेली बाईही तीच. पण इथे तिला हातात आंब्याची डहाळी आणि मांडीवर मूल देऊन पुजलं. यक्षिणीचं प्राकृतात जक्खिणी झालं, मराठीत जखीण. एकच शब्द देवळात देवी आणि गल्लीत भूत! आमच्या शास्त्रात यक्ष, राक्षस, भूत, पिशाच हे सगळे व्यंतर देवांचे प्रकार. तेही आपापल्या कर्माला बांधलेले.

मराठीत विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) मला म्हणूनच वेगळा वाटला. भीती त्यातही आहे, उसाच्या फडातली. पण मुलगी नको म्हणणारं घर त्या भुतापेक्षा जास्त भयंकर दिसतं. रामसेंच्या राजाकडे असं बोट कुणी दाखवलं नव्हतं.

काकूचा आड आता बुजवलाय. सुनेला सातवा महिना आहे. कुणीतरी तिला सांगितलं, “तिकडून जाऊ नकोस, बाळंतीण गेलीय तिथं.” तिने मला विचारलं, “आई, खरंच काही आहे का हो तिथं?”

मी म्हटलं, “तिथं एक काकू राहायची. ज्वारीची भाकरी अशी पातळ करायची, की आम्ही पोरी मुद्दाम जेवायच्या वेळेला जायचो. दवाखान्यात न्यायला उशीर केला तिला.”

मग आम्ही दोघी संध्याकाळी तिकडूनच फिरून आलो.