नेली कर्शॉ: नाकारलेली भरपाई

रॉचडेल, इंग्लंड. टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात ॲस्बेस्टॉसचे सूत कातणारी नेली १९२२ मध्ये धाप लागून घरी बसली. डॉक्टरांनी दाखल्यावर ‘ॲस्बेस्टॉसची विषबाधा’ लिहिले आणि तिथेच ती अडकली. आजार कामामुळे जडला, तेव्हा पैसे मालकाने द्यावेत, असे सांगून आरोग्य विम्याने हात झटकले. कायद्याच्या यादीत असा आजारच नाही, म्हणून मालकानेही! १४ मार्च १९२४ रोजी ती वारली. विल्यम कुक यांना तिच्या फुफ्फुसांत ॲस्बेस्टॉसचे कण आढळले. धुळीवर निर्बंध आणि रुग्ण कामगारांना भरपाई, हे दोन्ही ब्रिटनमध्ये १९३१ साली मंजूर झाले. नेलीच्या अंत्यसंस्काराचा खर्चही कंपनीने उचलला नव्हता. पायंडा पडेल, जबाबदारी मान्य केल्यासारखे होईल, हे कारण.