मासे आणण्याची घाई नको!

नव्या काचपेटीत नितळ पाणी भरायचे आणि त्याच सायंकाळी रंगीत मासे सोडायचे, हा बहुतेक घरांतील शिरस्ता. आठ-दहा दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात आणि बोल मात्र विक्रेत्याला लावला जातो. प्रत्यक्षात दोष बहुधा घाईचा असतो.

महाड तालुक्यात वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहात महसीर माशांचे थवे दिसतात. देवीचे मासे म्हणून त्यांना कोणी धरत नाही. उलट भाविक त्यांना चुरमुरे घालतात. एवढे मासे एका डोहात राहूनही पाणी विषारी होत नाही, कारण प्रवाह घाण पुढे नेतो आणि खडक-वाळूवर वाढलेले जिवाणू उरलेली घाण पचवतात. काचपेटीत प्रवाह नाही आणि पेटी नवी असेल, तर पुरेसे जिवाणूही नाहीत.

माशांच्या उत्सर्जनातून आणि कुजलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांच्या कल्ल्यांना इजा करतो. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. पण तेही विषारीच. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता ते घटवते. पुढे नायट्रोस्पायरासारखे जिवाणू त्यापासून नायट्रेट बनवतात. ते तुलनेने सौम्य असून ठरावीक काळाने थोडे पाणी बदलून कमी करता येते. ही साखळी उभी राहण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

या काळात पेटीत मासे नकोत, फिल्टर मात्र अहोरात्र सुरू हवा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणूंना मारक असल्याने ते आधी घालवावे. रोज चिमूटभर खाद्य टाकल्यास त्यापासून अमोनिया मिळतो. चाचणी संचावर प्रथम अमोनिया, नंतर नायट्राइट वाढलेले दिसेल. खाद्य सुरू असूनही दोन्ही शून्यावर राहिली आणि नायट्रेट दिसू लागले, की पेटी तयार झाली. तरीही सुरुवातीला दोन-तीनच लहान मासे सोडावेत. परिचितांच्या जुन्या, निरोगी पेटीतील स्पंजाचा तुकडा फिल्टरमध्ये ठेवल्यास हा कालावधी बराच कमी होतो. पाणी फार मृदू असेल, तर सामू सहाच्या खाली घसरून जिवाणूंचे काम मंदावते. अशा वेळी शिंपल्यांचा चुरा पुरचुंडीत बांधून ठेवावा. २५ ते ३० अंश तापमान जिवाणूंना मानवते, त्यामुळे कोकणात बहुधा हीटरचा खर्च वाचतो.

महाड-पोलादपूरकरांची खरी अडचण पावसाळ्यात येते. २२ जुलै २०२१ च्या महापुराची गोष्ट सोडा. एरवीच्या वादळी पावसातही वीज तासन् तास जाते. फिल्टर बंद पडला, की प्राणवायूअभावी जिवाणू मरू लागतात आणि महिनाभराची मेहनत वाया जाऊ शकते. शक्यतो पेटी पावसाळ्यापूर्वीच तयार करावी आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात ठेवावा. तोही नसेल, तर स्पंज काढून पेटीतील पाण्यात मोकळा ठेवावा आणि भांड्याने पाणी अधूनमधून वरून ओतावे. बंद फिल्टरमध्ये साचलेले दुर्गंधीयुक्त पाणी वीज आल्यावर पेटीत जाऊ न देता आधी फेकून द्यावे. स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा. त्यानंतर काही दिवस खाद्य निम्मे करावे आणि अमोनियाची चाचणी रोज घ्यावी.