साबणाने मोजलेले पाणी : लंडन, 1850 (थ्रेड)

1850 साली ब्रिटनच्या ‘जनरल बोर्ड ऑफ हेल्थ’ने लंडनच्या पाणीपुरवठ्यावर एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. आदल्याच वर्षी पटकीने त्या शहरात 14,000हून अधिक माणसे दगावली होती. तरीही या अहवालात एका निराळ्याच तक्रारीला मोठे स्थान मिळाले: लंडनच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही.

आज हे वाचून हसू येईल. परंतु तक्रार खरी होती आणि तिची झळ मुख्यतः गरीब घरांना बसत होती.

टेम्सच्या खोऱ्यात चुनखडीचे आणि खडूचे जाड थर आहेत. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पावसाचे पाणी त्यांतून झिरपते, तेव्हा कॅल्शियम विरघळवून सोबत आणते. अशा कठीण पाण्यात साबण घातला की तो आधी कॅल्शियमशी संयोग पावतो आणि त्याचा चिकट, करडा साका होतो. सगळे कॅल्शियम संपले की मगच फेस येतो. दरम्यान तो साका कपड्यांच्या विणीत जाऊन बसतो.

हा कठीणपणा आकड्यात मांडण्याची सोपी रीत अ‍ॅबर्डीनच्या मारिशल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस क्लार्क यांनी दिली. पाण्याचा नमुना बाटलीत घ्यायचा, त्यात साबणाचे द्रावण थोडे थोडे घालून हलवायचे आणि फेस पाच मिनिटे टिकेपर्यंत किती द्रावण लागले ते पाहायचे. एका गॅलनमध्ये एक ग्रेन, म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, खडू असेल तर कठीणपणा एक अंश. टेम्सचे पाणी 14 अंशांच्या आसपास भरत असे.

14 अंश म्हणजे लिटरमागे सुमारे 200 मिलिग्रॅम. धुण्याला 100 लिटर पाणी लागले तर त्यात 20 ग्रॅम खडू आला. आणि रासायनिक हिशेबाने तेवढा खडू 120 ग्रॅमहून अधिक साबण फेसाआधीच गिळतो. त्यातच इंग्लंडमध्ये साबणावर 1712पासून कर होता. तो उठला 1853 साली. म्हणजे वाया जाणाऱ्या साबणावरही कर भरावा लागे!

यावर उपाय होता धुण्याचा सोडा. तो साबणापेक्षा स्वस्त आणि कॅल्शियमला आधीच खाली बसवणारा. पण हात सोलून काढणारा आणि कापड झिजवणारा. परकी धुणी धुऊन पोट भरणाऱ्या बायकांना तो रोजचाच. किटलीच्या आतून पांढरट थर चढे आणि पाणी उकळायला जास्त कोळसा जाळावा लागे. चहाला रंग उतरत नाही म्हणून चहाच्या भांड्यातही चिमूटभर सोडा पडे. रिफॉर्म क्लबमुळे नावारूपाला आलेला प्रसिद्ध फ्रेंच आचारी अलेक्सिस सोयर यानेही कठीण पाण्याचा स्वयंपाकावर काय परिणाम होतो याची साक्ष बोर्डापुढे दिली. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून कुकरच्या शिट्ट्या वाढवणाऱ्या मराठी घरांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

बोर्डाची शिफारस धाडसी होती: टेम्स सोडून द्यावी आणि सरे परगण्यातील फार्नम, बॅगशॉटकडच्या रेताड माळांवरचे मऊ पाणी लंडनला आणावे. अहवालात मैल्याचा विचार नव्हता असे नाही. पण बोर्डाचे सूत्रधार एडविन चॅडविक यांची श्रद्धा होती ‘मायाझ्मा’वर, म्हणजे दुर्गंधीयुक्त हवेने रोग होतो या मतावर. पटकी पिण्याच्या पाण्यातून पसरते असे जॉन स्नो यांनी 1849मध्येच पुस्तिका काढून मांडले होते. ते फारसे कोणी मनावर घेतले नाही. साबणाचा अपव्यय मोजता येत होता, पटकीचे विष मोजता येत नव्हते. प्रशासनाचा ओढा मोजता येणाऱ्या गोष्टीकडे गेला.

मग 1854 साल उजाडले. दक्षिण लंडनच्या त्याच त्या रस्त्यांवर दोन कंपन्यांचे नळ शेजारीशेजारी होते. साउथवार्क अँड व्हॉक्सॉल कंपनी शहरातच, बॅटरसीला पाणी उचले. लॅम्बेथ कंपनीने 1852मध्ये आपला उपसा वर, टेम्स डिटनला नेला होता. नदी एकच, साबणाच्या कसोटीवर दोन्ही पाणी कठीणच. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर 10,000 घरांमागे पहिल्या कंपनीच्या ग्राहकांत 315 मृत्यू झाले, दुसरीच्या ग्राहकांत 37.

पुष्कळ भाडेकरूंना आपले पाणी कोणत्या कंपनीचे हेच ठाऊक नव्हते. स्नो यांनी घरोघरचे पाणी सिल्व्हर नायट्रेटने तपासले. त्यातून कळे ते मीठ. लॅम्बेथच्या पाण्यात गॅलनमागे एक ग्रेनहूनही कमी, दुसऱ्यात जवळजवळ 38. कारण तिथवर भरतीचे पाणी आणि शहराचा मैला पोहोचत होता. क्लार्कच्या अंशांनी हा फरक कधीच दाखवला नसता.

लंडनचे पाणी मात्र कठीणच राहिले. 1852च्या कायद्याने गाळणी सक्तीची केली आणि टेम्समधला उपसा टेडिंग्टनच्या वर न्यायला लावला; खडूला कोणी हात लावला नाही. वेल्सच्या डोंगरांतून मऊ पाणी आणण्याची अभियंता जॉन बेटमन यांची योजना 1869च्या शाही आयोगाने नाकारली.

त्याच बेटमन यांनी ग्लासगोला मात्र लॉक कॅट्रिन सरोवराचे पाणी आणले होते. 1859मध्ये राणी व्हिक्टोरियाने योजनेचे उद्घाटन केले. कठीणपणा एक अंशाच्याही आत, साबणाची मोठी बचत. पण असे मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी शिशाच्या नळांतून आणि टाक्यांतून शिसे विरघळवते. कठीण पाण्यात नळाला आतून बसणारा थर ते बऱ्याच अंशी अडवतो. हे शिसे पुढे ग्लासगोकरांच्या रक्तात सापडले, आणि 1978 साली शहराने आपल्या त्या नावाजलेल्या मऊ पाण्यात चुना मिसळायला सुरुवात केली.