गोटा आणि गाभा

सावरगावचा आहे असे सांगितले की पाहुण्याचा पहिला प्रश्न गोटमारीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, ही आमची ख्याती! मला मात्र वेगळ्याच दगडाचा इतिहास सांगायचा आहे.

१९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. लहानपणी आमच्या घरी मराठी बातम्या यायच्या त्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून. ट्रान्झिस्टरची विशिष्ट बाजू नागपूरकडे केली की आवाज स्वच्छ, जरा फिरवला की खरखर. एकदा तो माझ्या हातून पडला. आत तांब्याच्या तारेचे वेटोळे ल्यालेली काळी दांडी होती. तिचे खापरासारखे दोन तुकडे झाले. वडिलांनी ते मुकाट्याने चिकटवले. नागपूर पुन्हा लागले, पण क्षीण.

ती दांडी फेराइटची. वेटोळ्यात लोखंडाचा गाभा घातला तर चुंबकत्व अनेक पटींनी वाढते. पण लोखंड विजेचे वाहक. सेकंदाला पाच-दहा लाख आंदोलने झाली की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि शक्ती उष्णतेत वाया जाते. ट्रान्सफॉर्मरात पातळ पत्रे रचून हे भागते, येथे भागत नाही. हवा होता चुंबकाला मानणारा, पण विजेला अडवणारा गाभा. १९३०च्या सुमारास जपानात काटो व ताकेई यांनी, पुढे हॉलंडात फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्नूक यांनी तो घडवला. लोखंडाचे ऑक्साइड, त्यात मँगनीज-जस्त किंवा निकेल-जस्त. भुकटी साच्यात दाबायची आणि हजार अंशांवर भाजायची. कुंभारकामच म्हणा ना! अशा गाभ्याचे वेटोळे आणि कंडेन्सर मिळून एकच केंद्र निवडतात, बाकीची गाळतात.

आता मँगनीज म्हटले की आमची माती आली. येथल्या मँगनीजयुक्त खडकांना भूगर्भशास्त्रात सौंसरचेच नाव आहे. फर्मोर या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने १९०९च्या ग्रंथात या पट्ट्याची तपशीलवार नोंद केली. छिंदवाड्यातल्या सीतापारवरून त्याने एका खनिजाला सीतापाराइट नाव दिले; पुढे ते आधीच ठाऊक असलेले बिक्सबाइट निघाले आणि आमच्या वाट्याचे नाव गेले. नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीचे व्रेडेनबर्गाइट मात्र लोहचुंबकाला ओढले जाई. नंतर कळले, त्यात हॉसमनाइटशी घट्ट विणलेले जॅकोबसाइट आहे, म्हणजे मँगनीजचे नैसर्गिक फेराइट! स्नूकच्या भट्टीआधी कितीतरी युगे निसर्गाने ते भाजून ठेवले होते.

आमचे बहुतेक मँगनीज पोलादाकडे जाते, हेही खरे. तरी नववीच्या वर्गात मी बिघडलेला मोबाइल-चार्जर फोडून आतला काळा गाभा हाती देतो. पोरे विचारतात, “सर, हा गोटमारीचा का?”