वर्गातल्या लॅबमध्ये क्रिस्पर: निळे ठिपके पांढरे कसे होतात?

जनुक संपादन म्हटलं की कोट्यवधींची यंत्रं डोळ्यांसमोर येतात. पण बायो-रॅडसारख्या कंपन्या त्यासाठी विद्यार्थ्यांचा किट विकतात आणि प्रयोग साध्या टेबलावर होतो. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला जसं कळलं तसंच सांगतो.

क्रिस्परमध्ये दोन भाग असतात. कॅस-९ ही कात्री आणि गाइड आरएनए हा पत्ता. शार्पेंतिए आणि डाउडना यांनी २०१२ मध्ये दाखवलं की पत्ता बदलला की कात्री हव्या त्या जागी नेता येते. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना यासाठीच मिळालं. पत्ता असतो २० अक्षरांचा. डीएनएची अक्षरं चारच, तरी असे पत्ते एक लाख कोटींहून जास्त बनतात. ई. कोलाय जीवाणूचा अख्खा जीनोम साधारण ४६ लाख अक्षरांचा, म्हणजे तोच पत्ता योगायोगाने दुसरीकडे सापडणं कठीणच. (थोड्याफार जुळणाऱ्या पत्त्यावरही कात्री कधीकधी चालते. माणसावरच्या उपचारांत खरी काळजी तीच.)

वर्गात लॅक-झेड हे जनुक निवडतात. ते चालू असेल तर एक्स-गल नावाच्या रसायनामुळे जीवाणूंचे ठिपके निळे दिसतात, बिघडवलं तर पांढरे.

बरेच जण याला ‘फाइंड अँड रिप्लेस’ म्हणतात. मला ते अर्धवट वाटतं. कॅस-९ फक्त कापते, रिप्लेस करत नाही. जोडायचं काम पेशीच्या दुरुस्ती यंत्रणेचं, आणि त्यासाठी तिला नमुना डीएनए द्यावा लागतो. हे प्लेट्सवर स्वच्छ दिसतं. कात्री आहे पण पत्ता नाही, तर ठिपके निळेच. कात्री, पत्ता आणि नमुना तिन्ही असले तर पांढरे. आणि कात्री-पत्ता आहे पण नमुना नाही, तर प्लेट जवळजवळ रिकामी, कारण तुटलेला डीएनए जोडता न आल्याने जीवाणू मरतात. वेळ वाचवायला ही रिकामी प्लेट गाळू नये. माझ्या मते सगळ्यात जास्त तीच शिकवते.

पांढरा ठिपका हा मात्र पक्का पुरावा नाही. बाहेरून आलेला दुसराच जीवाणूही पांढरा दिसू शकतो. म्हणून पीसीआर करून ती जागा खरंच बदलली का, ते तपासतात.

किट घरी मागवू का? नको. भारतात जनुक बदललेल्या सूक्ष्मजीवांना १९८९ चे नियम लागू आहेत आणि असं काम करणाऱ्या संस्थेत जैवसुरक्षा समिती लागते. कॉलेजात शिक्षकांना विचारा. वापरलेल्या प्लेट्सही निर्जंतुक केल्याशिवाय कचऱ्यात टाकत नाहीत.

एक पायरी मात्र आज मोबाइलवरही होते. एनसीबीआयच्या साइटवर लॅक-झेडचा क्रम मोफत मिळतो. त्यात लागोपाठ दोन ‘जी’ शोधा, त्यांच्या आधीचं एक अक्षर सोडा, आणि त्याच्याही आधीची २० अक्षरं उतरवून घ्या. हा झाला तुमचा पत्ता.