जादा गाड्या आणि पोकळ नोड

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, हे काम रत्नागिरीत बसून शिकता येतं का, की त्याला मुंबई-पुण्याची मोठी कंपनीच लागते? उत्तर इतिहासात आहे. इतिहास जेमतेम दहा-बारा वर्षांचा, पण आहे.

गणपतीला मुंबईहून एसटीच्या जादा गाड्या सुटतात, हे आपल्याला सांगायला नको. गर्दी ओसरली की गाड्या परत डेपोत. गूगलने जून २०१४ मध्ये कुबरनेटिस सर्वांसाठी खुलं केलं, त्यात गाडी म्हणजे नोड, एक संगणक. आणि प्रवासी म्हणजे पॉड, त्यावर चालणारं काम. जागा न मिळालेला पॉड 'पेंडिंग' राहतो. क्लस्टर ऑटोस्केलर दर दहा सेकंदांनी हे बघतो आणि गरज पडली तर नवा नोड मागवतो. गोम अशी, की गाडीत प्रत्यक्ष किती माणसं बसलीत हे तो बघतच नाही. आरक्षण किती झालंय, तेवढंच बघतो.

आता याची चाचणी करायची तर खरी यंत्रं भाड्याने घ्या, बिल भरा. २०१९ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात हॉटस्टारवर एका वेळी २ कोटी ५३ लाख लोक होते. अशांना ते परवडतं. आपल्याला नाही.

पहिली पळवाट क्यूबमार्कची. त्यातले नोड पोकळ: नोंद खऱ्यासारखी, आत काम काहीच नाही. मग २०१८ मध्ये काइंड आलं. त्यात प्रत्येक नोड म्हणजे डॉकरचा एक कंटेनर, सगळे एकाच लॅपटॉपवर.

इथे आम्ही अडलो. लॅपटॉपला कोर चार. तीन कामकरी नोड उभे केले आणि एकेक कोर मागणारे सहा पॉड सोडले. दोन तरी पेंडिंग राहायला हवेत ना? एकही राहिला नाही! मग ऑटोस्केलर जागा कशाला होईल? दोन संध्याकाळी आम्ही त्यालाच दोष देत बसलो. शेवटी प्रत्येक नोडची माहिती काढून बघितली, तर प्रत्येकजण 'माझे कोर चार' म्हणत होता. एकाच गाडीला तीन पाट्या लावून तीन गाड्या मोजल्या होत्या. प्रत्येक नोडवर काही कोर यंत्रणेसाठी राखून ठेवले, तेव्हा पॉड पेंडिंग झाले.

मार्च २०२३ मध्ये कुबरनेटिसने क्वॉकची ओळख करून दिली. त्यात नोड नुसता कागदावरचा, कोर किती ते आपणच लिहायचं. साध्या लॅपटॉपवर हजार नोड उभे राहतात. ऑटोस्केलरलाही त्याची जोड मिळाली. तरी आमची नोड कमी होण्याची चाचणी नापास होतच होती. कारण हास्यास्पद निघालं: नोड दहा मिनिटं रिकामा राहिल्याशिवाय ऑटोस्केलर तो काढत नाही, आणि आमची चाचणी पाचव्या मिनिटालाच हात टेकत होती. ती मुदत एका मिनिटावर आणली, काम झालं.

तर, शिकता येतं. फक्त पोकळ नोड क्षणात 'रेडी' होतो, आणि खरं यंत्र उभं राहायला मिनिटं लागतात. तेवढी एक चाचणी आम्ही अजून भाड्याच्या यंत्रांवर करतो, महिन्यातून एकदा, सगळ्यांत खर्च वाटून.